पाठभेद

सराफ्यातल्या शेवटच्या कढया घासून होतात
तेव्हा आम्ही रेसिडेन्सीमागच्या वडाखाली
प्लास्टिक अंथरतो. भेरूलाल चारी कोपऱ्यांवर विटा ठेवतो,
मास्क हनुवटीला, विडी कानावर.
उजाडायच्या आत ती परततात, एकेक फांदी
जड होत जाते, आणि मग टप, टप.
"आज जामुन खाके आए हैं, मैडम."
खरंच, सगळं जांभळं.

नळीवर माझं अक्षर:
वड तीन, एकोणीस जून, पाच दहा.
बर्फाची पेटी पायाशी धरून मी स्कूटरवरून निघते,
पोह्यांची पहिली वाफ चुकवत.

बाबा एकतीस वर्षं दफ्तरखान्यात मोडी वाचत.
रुमाल सोडायचे, धूळ झटकायची,
एकाच पत्राच्या चार नकला शेजारी मांडायच्या.
नकलनवीस दमला की ओळ गाळतो,
शहाणा असला की सुधारतो,
दुसरं जास्त वाईट, ते म्हणत.
कुणा एकाने 'घोडी'ची 'गाडी' केली
की पुढच्या सगळ्या नकलांत गाड्याच धावतात.
माणसाचं घराणं नाकावरून ओळखावं,
नकलेचं चुकीवरून.

मला त्यांची लिपी आली नाही.
एवढंच आठवतं, की आधी आडवी रेघ ओढायची,
मग अक्षरं तिला लोंबकळवायची
उलटी झोपल्यासारखी.

माझ्या पडद्यावर चारच अक्षरं आहेत.
तीस हजारांची एक ओळ, लेखणी न उचलता लिहिलेली.
गेल्या हिवाळ्यात या जागी सी होता,
आता यू आहे.
या विषाणूपाशी स्वतःचा तपासनीस असतो:
लिहिलेलं पुन्हा चाचपतो,
चुकलेलं अक्षर कुरतडून काढतो.
तरी एखादं निसटतं.
निसटतं म्हणून तर मी पगार घेते.

एका नमुन्याचं मात्र जमेना.
निम्म्यापर्यंत तो देवासच्या आमराईतल्यासारखा,
तिथून पुढे कुणासारखाच नाही.
बाबांना सांगितलं. भिंतीकडे बघत म्हणाले,
"दोन दप्तरं एका जागी भिजली असतील.
शिवणाऱ्यानं सापडेल ते पान लावलं."
मी आठ दिवस जे आकड्यांत शोधत होते ते हेच,
एका पोटात दोन वस्त्या.

फाटकाशी तांबवेकरबाई उभ्या होत्या, हातात अर्ज.
झाड तोडा, शेहेचाळीस सह्या.
अर्जात वटवाघूळ तीनदा आलं होतं,
तीन तऱ्हांनी लिहिलेलं.
"आमचे हे गेले त्या साली," त्या म्हणाल्या,
"आणि तुम्ही यांचं शी-शू गोळा करताय."
भिऊ नका, असं मी म्हटलं नाही.
भ्या, असंही नाही.
झाड तोडलं तर ती कुठे जातील
हे मला वाचता येणार नाही, एवढं म्हटलं.
त्यांनी अर्जाची घडी घातली. फाडला नाही.

रविवारी चार नमुने छापून घरी आणले,
ओळीखाली ओळ.
बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात भिंग.
नखाने रेघ धरून ते सरकत राहिले
आणि जिथे फरक होता तिथे थांबले,
प्रत्येक ठिकाणी, अर्थ माहीत नसताना.
चहा निवला.

"यातली मूळ प्रत कुठली?"
"मूळ प्रत नाही, बाबा.
यातलं कुणीच कुणाचं मूळ नाही. सगळ्या नकलाच."
त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.
दफ्तरखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशीही
त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.
मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले,
"तारीख घातलीयस ना?
नीट घाल. शाईनं."